नाव दूरचे, माल जवळचा

प्रसाधनाचा इतिहास लिहावयास घेतला आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. लढाया, तह, गादीचे तंटे, दुष्काळ ह्यांना इतिहास म्हणावे. तोंडाला लावावयाच्या डबीला कसला आला आहे इतिहास? परंतु वर्गात शिकवताना माझा अनुभव असा, की पानिपतची तारीख विसरणारी मुलगी आजीच्या फडताळातल्या स्नोच्या बरणीविषयी विचारले की भरभरून बोलू लागते. ज्या वस्तूसाठी घरातली बाई आपल्या पोटाला चिमटा घेऊन चार पैसे बाजूला टाकते, त्या वस्तूत त्या काळाचे मन उतरलेले असते. ते वाचावयास काय हरकत आहे?

आज आमच्या परभणी जिल्ह्यात सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्थानकापासून फार दूर न जाता ब्युटी पार्लरची पाटी दिसते. आत आरसा, फिरती खुर्ची, आणि आरशाच्या बाजूला काचेचे कपाट. त्या कपाटात क्रीम, सीरम, सनस्क्रीन ह्यांच्या नाजूक बाटल्यांची रांग. एकेका बाटलीची किंमत अशी, की तीत शेतमजूर बाईचा दोन-तीन दिवसांचा रोजगार सहज बुडावा. तरीही त्या विकल्या जातात. ही बाटली कोणत्या वाटेने आमच्या गावापर्यंत आली, आणि ती घेताना आपण विकणारीच्या हातात पैशांखेरीज आणखी काय ठेवतो, एवढेच ह्या लेखात पाहावयाचे आहे.

*

मूळ शोधू गेल्यास ते आपल्या न्हाणीघरात सापडते. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या वाटीत उटणे कालवले जाते, त्या वाटीचा वंश फार जुना आहे. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, चंदन, मसुरीचे पीठ. ज्याला जे मिळेल ते. आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्या काळाशी निगडित असलेल्या हालाच्या ‘गाथासप्तशती’त न्हाण्याच्या हळदीचा उल्लेख येतो. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसे मिळवावे व टिकवावे हे सांगून झाल्यावर हा राजा स्नान कसे करावे, अंगाला विलेपन कोणते लावावे, ह्याचेही तितक्याच गंभीरपणे विवेचन करतो. प्रसाधनाला हसणारांनी हे ध्यानात ठेवावे.

राजाची गोष्ट राजाजवळ. सामान्यांच्या घरी उटणे विकत येत नसे; आले तरी त्यातले जिन्नस सुटे येत. ते कुटणारी, चाळणारी आणि लावणारी बाई घरचीच असे. आई, आजी, आत्या, नणंद. लग्नातली हळद लावणाऱ्या पाच सवाष्णीही ओळखीच्याच. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. पांडुरंग जनीला न्हाऊ घालतो, तिची वेणीफणी करतो, ही कथा आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. दासी म्हणून राबणाऱ्या बाईच्या मनात देवाची कल्पना आली, ती डोक्याला हात लावणाऱ्या मायेच्या माणसाची आली. आपले डोके, आपला चेहरा आपण कोणाच्याही हाती देत नाही. ज्याच्या हाती देतो त्याच्यावर विश्वास टाकतो. प्रसाधनाच्या साऱ्या व्यापाराचे भांडवल हा विश्वास होय.

ह्या विश्वासाला घराबाहेरचा पहिला वाटेकरी मिळाला तो मणियार आणि कासार. परका असूनही बाईचा हात हातात घेण्याची मुभा समाजाने त्यालाच दिली होती. ओसरीवर बसून तो बांगड्या भरी, आणि जाता जाता गावोगावच्या चार बातम्या सांगे. दुसरा वाटेकरी अत्तार. सुरमा, दातवण, अत्तराचा फाया, सुगंधी तेल ही त्याची दौलत. आमचा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या वाडवडिलांच्या तोंडी ‘शहर’ म्हणजे मुंबई नव्हे, हैदराबाद. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातून आगगाडी धावू लागली आणि शौकाच्या वस्तू त्या वाटेने येऊ लागल्या. परभणीस सय्यद शाह तुराबुल हक ह्यांच्या दर्ग्याचा उरूस दर फेब्रुवारीत भरतो. तेथे अत्तराच्या कुप्या हिंदूही घेत आणि मुसलमानही. अत्तार मनगटावर फाया टेकवी, वास घेऊ देई, मग भाव सांगे. आजच्या पार्लरमधली मुलगी हाताच्या पाठीवर क्रीमचा ठिपका लावून दाखवते, ती रीत ह्याच अत्ताराची.

*

मग काचेची बरणी आली, आणि तिच्याबरोबर एक नवी गोष्ट आली. ती म्हणजे नाव.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मुंबईत ई. एस. पाटणवाला ह्या उद्योजकाने एक पांढरीशुभ्र क्रीम बाजारात आणली. अफगाणिस्तानचा राजा अमानुल्ला मुंबईस आला असता त्याला ही बरणी दाखवली, आणि आपल्या देशातल्या बर्फाची ह्यावरून आठवण होते असे तो म्हणाला. म्हणून तिचे नाव ‘अफगाण स्नो’, अशी हकिकत सांगतात. आमच्या आज्यांच्या पिढीला स्नो म्हणजे हाच. त्यातील रसायन मात्र बर्फाळ डोंगरांतले नव्हे. अशा क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल, म्हणजे चरबीतून वा तेलातून निघणारा मेणासारखा पदार्थ, थोड्या अल्कलीच्या साह्याने पाण्यात घोटलेला असतो. चोळले की ते त्वचेवर दिसेनासे होते, खाली एक तलम थर तेवढा राहतो. मेणबत्ती आणि साबण ह्यांचे हे जवळचे नातलग. पण मेणबत्तीच्या नातलगाला कोणी दोन रुपये जास्त देत नाही. अफगाणिस्तानच्या हिमाला देते.

ही युक्ती केवळ आपल्याकडची नव्हती. पोलंडातील क्राकौ शहराची हेलेना रुबिनस्टाईन नावाची तरुणी १८९६ साली ऑस्ट्रेलियाला गेली, आणि १९०३ च्या सुमारास मेलबर्न येथे तिने आपले सौंदर्यगृह थाटले. तिथल्या उन्हावाऱ्याने बायकांचे चेहरे रापत. ती त्यांना ‘व्हलाझ’ नावाची क्रीम देई आणि कार्पेथियन पर्वतातल्या वनस्पतींपासून ती बनते असे सांगे. वास्तविक त्या क्रीमचा मुख्य आधार लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारे मेण. आणि मेंढ्या तर ऑस्ट्रेलियात चहूकडे! खर्चाच्या अनेक पटींनी ती विकली गेली. हेलेनाबाईंनी आणखी एक गोष्ट केली. समोर बसलेल्या बाईची त्वचा पाहून ती कोरडी की तेलकट, हे सांगावयाचे आणि तिला तिच्यापुरती वेगळी क्रीम द्यावयाची. दुकानदार सर्वांना एकच बरणी देतो. सौंदर्यगृहातली बाई ‘तुमच्यासाठी ही’ असे म्हणते. महागड्या प्रसाधनाच्या विक्रीचे सारे मर्म ह्या दोन शब्दांत आहे. त्याच सुमारास, १९०७ साली, पॅरिसमध्ये युजेन शूएलर हा रसायनतज्ज्ञ आपण तयार केलेला केसांचा रंग तिथल्या केशकर्तनकारांना नेऊन विकत होता. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ज्याचा हात, त्याच्या हातातून माल खपतो, हे त्याने ओळखले. पुढे त्याच उद्योगाची लॉरेआल ही जगभर पसरलेली कंपनी झाली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात परकीय चलनाची चणचण होती आणि सधन घरांतल्या स्त्रिया विलायती प्रसाधनांवर पैसा घालवीत. तेव्हा देशी प्रसाधने निघावीत अशी इच्छा पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांपाशी बोलून दाखवली, असे सांगतात. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सच्या आश्रयाने, फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने, एक नवी कंपनी उभी राहिली. नाव ठेवले ‘लॅक्मे’. हे एका फ्रेंच संगीतिकेचे नाव. लिओ देलिब ह्याच्या १८८३ सालच्या त्या संगीतिकेची नायिका हिंदुस्थानातल्या एका ब्राह्मण पुरोहिताची कन्या आहे, आणि लॅक्मे हे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप! आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन आली तेव्हा तिची किंमत वाढली. १९६१ साली सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या आणि त्यांच्या देखरेखीखाली ही कंपनी देशभर पोचली. १९९८ साली टाटांनी आपला हिस्सा हिंदुस्थान लिव्हरला विकला.

अफगाणिस्तानचे हिम, कार्पेथियनची वनस्पती, पॅरिसची लक्ष्मी. माल जवळचा, नाव दूरचे. ह्यात फसवणूक किती आणि हौस किती, हे ज्याने त्याने ठरवावे. रोजच्या राहाटीतून घटकाभर दूर जाण्यासाठी बाईने दोन रुपये जास्त मोजले, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

*

ह्याच्या उलट वाट एका मराठी घराने चोखाळली. केशव विष्णू पेंढरकर ह्यांनी १९५२ साली मुंबईत परळला घरगुती प्रमाणावर दंतमंजन करावयास घेतले, आणि ते घरोघर हिंडून विकले. तीच विको कंपनी. १९७५ साली त्यांनी हळदीची क्रीम आणली. पांढऱ्या स्नोच्या जमान्यात पिवळी क्रीम कोण घेणार, असे व्यापाऱ्यांना वाटणे साहजिक होते. पण नाव दूरचे नव्हते. वाटीतली हळद तेवढी ट्यूबमध्ये आली होती. लोकांनी ती घेतली. सरकारच्या अबकारी खात्याला मात्र प्रश्न पडला, की हे प्रसाधन समजावयाचे की आयुर्वेदीय औषध? प्रसाधन म्हटले तर कर जास्त, औषध म्हटले तर कमी. हा वाद पाव शतकाहून अधिक काळ चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उटणे हे औषध की शृंगार, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ही दोन नव्हतीच.

मला ह्या प्रकरणाची ओढ वाटण्याचे एक कारण असे, की वसमत हे हळदीचे नामांकित पेठेचे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आठ-नऊ महिने पीक शेतात, मग काढणी, कंद शिजवणे, वाळवणे, घोळणे. ह्यात बायकांचे हात किती राबतात ते ज्याने पाहिले त्यानेच जाणावे. हळद काढून काढून ज्यांची नखे वर्षभर पिवळी राहतात, त्यांच्याच लेकी तालुक्याच्या गावी हळदीची क्रीम काचेच्या कपाटातून विकत घेतात. हळद त्याच मातीतली. पण डबीत जाताना तिला कारखाना, तपासणी, वेष्टन आणि नाव ह्यांचे मोल चढलेले असते. त्यातले तपासणीचे मोल खरे आहे हे विसरू नये.

त्याच १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम बाजारात आणली, आणि आपल्या समाजाचे एक दुखणे उघड्यावर आले. मुलगी पाहावयास येणाऱ्यांच्या पहिल्या नजरेचा धाक त्या ट्यूबमध्ये भरलेला होता. २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलले, पण ती नजर तेवढ्याने बदलली असे कोण म्हणेल?

*

आता पार्लरकडे वळू. १९७० च्या सुमारास शहनाझ हुसेन ह्यांनी दिल्लीत आपल्या राहत्या घरी वनौषधींचे सौंदर्यगृह सुरू केले. आपलीच औषधी उत्पादने वापरावयाची, तीच विकावयाची, आणि इतर स्त्रियांना शिकवून त्यांच्याही गावी अशी केंद्रे उघडावयाची, ही पद्धत त्यांनी देशभर नेली. आपल्याकडची आजची लहान गावची पार्लरे त्याच पद्धतीची दूरची नातवंडे होत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी पार्लर चालवते. भाड्याची खोली, एक मदतनीस मुलगी. नवऱ्याची कोरडवाहू शेती आहे. पाऊस रुसला की पार्लरच घर चालवते. तिने मला आपला हिशेब मोकळेपणाने समजावून दिला. भुवया कोरणे, केस कापणे ह्यांत कष्ट फार आणि पैसा थोडा. फेशियलमध्ये बरा. खरा आधार कपाटातल्या बाटल्यांचा, कारण छापील किमतीतला काही हिस्सा विकणारीला सुटतो आणि तिला त्यासाठी उभे राहावे लागत नाही. महाग बाटली विकली तर तो हिस्साही मोठा. कंपनीची माणसे येतात, शिकवून जातात, महिन्याचा आकडा ठरवून देतात.

“मग तू कशी विकतेस?” मी विचारले.

“बाई, विकायला काय, नुसती जीभ लागते,” ती म्हणाली. “पण मी वही ठेवलीय. कोणाची कातडी कशी, काय लावलं, काय सोसलं नाही, सगळं लिहिते. नवी क्रीम आधी कानामागं लावून बघायची, एक दिवस थांबायचं, मग घ्यायची. बाया म्हणतात, पैसे घेऊन उभ्या आहोत तर देत का नाहीस? मी म्हणते, डबीचे पैसे एकदाच येतात. चेहरा बिघडला तर ती बाई जन्माची जाते, आणि दहा जणींना सांगते.”

“आणि गोरं करणारी मागतात तेव्हा?”

“तेव्हा सनस्क्रीन देते. शेतात जाणारीला, स्कूटीवर फिरणारीला तेच लागतं. वांग दिसले तर परभणीला डॉक्टरकडं पाठवते. माझं कमिशन जातं, पण झोप लागते.”

अर्थशास्त्राचे एखादे प्रकरण मुलांना शिकवावे तर असे शिकवावे असे मला वाटले. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्याला छाया द्यावयाची, हा सल्ला आज्याही देत. पदर तोंडावरून घेण्याचे एक कारण तेही होते.

*

पण सगळ्याच वह्या अशा नसतात. २०२३ च्या आरंभी विदर्भात अकोल्याला घडलेला प्रकार वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. एकाच घरातल्या तिघींनी तिथल्या एका ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम वापरली, आणि तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, ह्याचा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा रक्तात पारा सापडला. क्रीम तपासली; तिच्यातही पारा, मर्यादेच्या कितीतरी पटींनी अधिक. त्याच वर्षी केरळातही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडे बिघडल्याची अशीच प्रकरणे डॉक्टरांनी नोंदवली.

पारा क्रीममध्ये का घालतात? आपल्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणारे एक विकर असते, त्याचे काम पारा बंद पाडतो. चेहरा थोड्याच दिवसांत उजळ दिसू लागतो. बाई खूश होते, मैत्रिणींना सांगते. आणि इकडे तो पारा कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साठत राहतो. दुसरा असाच चोर म्हणजे स्टेरॉइड. त्यानेही चेहरा चटकन उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, मुरुमे उठतात, ऊन सोसेनासे होते. आणि बंद केले की सारे दुप्पट उसळते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा निर्बंध सरकारने २०१८ साली कडक केला.

कायदा नाही असे नव्हे. १९४० चा औषधांविषयीचा कायदा १९६२ साली सुधारून प्रसाधनांना लागू करण्यात आला. २०२० च्या प्रसाधन नियमांनी तर क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई केली. नकळत राहून जाणाऱ्या पाऱ्याची मर्यादाही दहा लाखांत एक भाग एवढीच. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी थोडी सवलत आहे. डबीवर काय छापलेले असावे हेही ठरलेले आहे: करणाऱ्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, आतले घटक, परदेशी मालावर आणणाऱ्याचे नाव आणि नोंदणीचा क्रमांक. पण सरकारी तपासनीस काही प्रत्येक पार्लरच्या आरशापाशी उभा राहू शकत नाही. तेथे दोनच बायका असतात, एक खुर्चीवर बसलेली आणि एक तिच्या मागे उभी.

इथेच जुना आणि नवा काळ एकमेकांना भेटतो. आजीच्या हातावर डबी नव्हती, छापील नाव नव्हते. पण आत काय आहे ते तिला ठाऊक होते, कारण कुटले तिनेच होते. बरणी आली तेव्हा आत काय आहे ते आपल्याला कळेनासे झाले. त्या बदल्यात कंपनीचे नाव मिळाले, आणि बिघडले तर त्या नावाला जाब विचारण्याची सोय झाली. ज्या डबीवर धड पत्ता नाही, आणि जी ‘आठ दिवसांत गोरी’ एवढ्या एका शब्दावर विकली जाते, तिच्यात ह्या दोहोंपैकी काहीच नाही. आजीचे ज्ञान नाही आणि कंपनीची जबाबदारीही नाही. उरतो तो फक्त मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईवरचा विश्वास. आणि अकोल्याच्या त्या घरात नेमका तोच खर्ची पडला.

म्हणून पार्लरला नाक मुरडावे असे मी म्हणणार नाही. लहान गावात बाईने स्वतःच्या नावाची पाटी लावावी, स्वतःचा गल्ला सांभाळावा, असे धंदे आहेत तरी किती? महाग बाटली घेणेही पाप नव्हे. ह्या दिवाळीत बहिणीला, सुनेला, लेकीला अशी बाटली भेट द्यावयाची असेल तर अवश्य द्या. फक्त देण्यापूर्वी डबी फिरवून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचा, आणि घरातल्या शाळकरी मुलीला मोठ्याने वाचावयास सांगा. वाचता येणे ही आपल्या आज्यांना न मिळालेली दौलत आहे, ती कुठेतरी कामी यावी.

आणि गोरेपणाचे म्हणाल, तर आषाढात आमच्या गावावरून पंढरीला जे पाय चालत जातात, ते एका काळ्या देवाच्या दर्शनाला जातात. त्याच्या रंगाबद्दल तक्रार करणारा वारकरी अद्याप माझ्या पाहण्यात नाही.